मामाची कॅसेट, माझा स्नेक आणि भावाचा पब्जी: जुन्या गेमची आठवण प्रत्येक पिढीला वेगळी का येते?

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. गाव वसमत तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. मामीनं माळ्यावरचं सामान खाली काढलं होतं आणि भंगारवाल्याला द्यायचं एक पोतं दारात ठेवलं होतं. त्या पोत्यात दोन वस्तू शेजारी-शेजारी पडल्या होत्या. एक, मामाचा १९९७ सालचा व्हिडिओ गेम, वायरी गुंडाळलेला. दुसरी, माझ्या मामेभावाचा स्क्रीन फुटलेला, कधीचा बंद पडलेला मोबाईल.

मामानं पोत्यात हात घालून गेम बाहेर काढला आणि मामीकडं असं बघितलं की जणू तिनं सातबाराच भंगारात टाकलाय. भाऊ हसायला लागला. "पप्पा, हे डबडं कामून ठेवता?" पाच मिनिटांनी त्याचं लक्ष मोबाईलकडं गेलं. त्यानं तो चुपचाप उचलून खिशात घातला. आता हसायची पाळी मामाची होती.

मी दोघांच्या मधल्या वयाचा. मला दोघांचंही हसू आलं आणि दोघांचंही पटलं. जुन्या गेमची आठवण तिघांनाही येते, पण ती एकसारखी नाही. आणि त्यात फक्त वयाचा फरक नाही, तंत्रज्ञानाचाही मोठा हात आहे. तोच आज सोप्या भाषेत बघू.

आधी एक शब्द: स्मरणरंजन

इंग्रजीतल्या 'नॉस्टॅल्जिया'ला मराठीत स्मरणरंजन असा छान शब्द आहे. गंमत म्हणजे नॉस्टॅल्जिया हा शब्द एका आजाराचं नाव म्हणून जन्माला आला. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घरापासून लांब राहणाऱ्या लोकांच्या दुखण्याला हे नाव दिलं. म्हणजे मूळ अर्थ घराची ओढ असा आहे. हा अर्थ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मानसशास्त्रज्ञांना अजून एक गोष्ट दिसली आहे. उतारवयात माणसाला मागचं आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात. त्या वयात बऱ्याच गोष्टी आपण पहिल्यांदा करतो, त्या पक्क्या बसतात. म्हणून "आमच्या वेळचे गेम भारी होते" असं प्रत्येक पिढी म्हणते आणि प्रत्येक पिढी मनापासून म्हणते. भंगार गेम तेव्हाही होते, ते आपण विसरून गेलेलो असतो एवढंच.

पहिली पिढी: कॅसेट आणि फुंकर

मामाचा गेम आला तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. १९९७ च्या दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. आजोबांच्या हातात हळदीचे पैसे होते आणि मामानं हट्ट धरला. तो सतरा वर्षांचा होता, मी पाच. मला खेळायला कधीच मिळायचं नाही. मागं बसून बघायचं आणि मारिओ खड्ड्यात पडला की सगळ्यांबरोबर ओरडायचं, एवढंच माझं काम.

ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला बाजारात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. तैवान आणि चीनमधून अशा नकला जगभर गेल्या. आपल्याकडं कुणाकडं लिटल मास्टर असायचा, कुणाकडं टर्मिनेटर. कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत खरे गेम मोजून दहा-वीस. तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादी लांबवलेली.

या कॅसेटच्या आत टेप नव्हती. एक चिप होती आणि त्या चिपमध्ये पूर्ण गेम. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) फक्त ४० केबीचा आहे. मावशी रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकते तो फुलांचा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेत मावावं म्हणून बनवणाऱ्यांनी काटकसर केली. मारिओतले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट बघा, आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय.

गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची, हे तर सगळ्यांनाच माहिती. खरं सांगू? फुंकरीचा उपयोग नव्हता. कॅसेट काढून परत घातली की तिच्या खालच्या पट्ट्या आतल्या पिनांना नव्यानं टेकायच्या आणि गेम लागायचा. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या खराब होतात. हे मी मामाला सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि कॅसेटमध्ये फुंकर मारली.

बंदूक का चालेना?

गेम एलईडी टीव्हीला जोडला. लाल-पिवळी वायर लागली, मारिओ आला, कॉन्ट्रा आला. मग मामानं बंदूक काढली. बदकं मारायचा गेम, डक हंट. मामा या गेममध्ये गल्लीत एक नंबर होता. त्यानं नेम धरला, घोडा ओढला. बदक उडून गेलं. परत. परत. एकही बदक पडेना. भाऊ म्हणाला, "पप्पा, वय झालं."

मामाचा चेहरा पडला. पण मित्रांनो, चूक मामाची नव्हती, टीव्हीची होती. कसं ते बघा.

आपल्याला वाटतं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीला लागतं. असं काही नाही. बंदूक बाहेर काही सोडत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. घोडा ओढला की गेम क्षणभर पूर्ण स्क्रीन काळी करतो. लगेच पुढच्या चित्रात जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होतं, म्हणून आपल्याला फक्त एक झटका दिसतो.

जुना, मागून फुगीर डबा टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी काचेवर काढायचा. आजचा एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःकडं घेतो, मोठं करतो, सुधारतो आणि मग दाखवतो. यात थोडा उशीर होतो. सिनेमा बघताना तो कळत नाही. पण इकडं गेम "आत्ता उजेड दिसला का?" असं विचारतो आणि टीव्हीवर पांढरा चौकोन अजून आलेलाच नसतो. उत्तर मिळतं, नाही. बदक उडालं. शिवाय ही बंदूक डबा टीव्हीच्या विशिष्ट लुकलुकीसाठीच बनवलेली असते, एलईडीचा उजेड तिला ओळखताच येत नाही.

म्हणजे गेम शाबूत, बंदूक शाबूत, खेळणारा शाबूत, पण ज्या टीव्हीवर तो खेळ उभा होता तो टीव्ही घरात राहिला नाही. मामाला हे समजावल्यावर तो एवढंच म्हणाला, "म्हणजे माझा नेम चांगलाय."

दुसरी पिढी: मेमरी कार्ड आणि चीट कोडची वही

आता माझी पाळी. माझी पहिली आठवण म्हणजे वडिलांचा नोकिया ११००. हा फोन २००३ मध्ये आला आणि जगात २५ कोटींपेक्षा जास्त विकला गेला. आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाईट गेली की टीव्ही बंद, पण फोन चालू. वरच्या टॉर्चवर आई स्वयंपाक करायची आणि टॉर्चची पाळी संपली की स्नेक. मूळ स्नेक टानेली आर्मांटो या इंजिनिअरनं नोकिया ६११० साठी १९९७ मध्ये बनवला होता. म्हणजे मामानं प्रदर्शनातून गेम आणला त्याच वर्षी.

मग मेमरी कार्डचे दिवस आले. मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपये दिले की तो पोरगा कार्ड भरून द्यायचा. गाणी, व्हिडिओ आणि जावा गेम. हे गेम जार फाईलमध्ये असायचे, काहीशे केबीचे. ब्लूटूथनं एकमेकांना द्यायचे.

आणि दहावीनंतर एमएस-सीआयटीचा क्लास. सर बाहेर गेले की एक्सेल खाली जायचं आणि व्हाइस सिटी वर यायची. २००२ सालचा हा गेम आमच्या क्लासमध्ये कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणला होता. मिशन एकानंही पूर्ण केलं नव्हतं, आमच्याकडं चीट कोड होते. 'पॅन्झर' टाईप केलं की रणगाडा हजर. 'लीव्ह मी अलोन' टाईप केलं की पोलीस मागं लागणं सोडायचे. मी हे कोड एमएस-सीआयटीच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते. ती वही ज्याच्याकडं, त्याला भाव.

एक गाजलेला चीट कोड आला कुठून? १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम फॅमिकॉमवर आणताना कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासायचा होता, पण गेम इतका अवघड की त्यांनाच पुढं जाता येईना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी बटणांचा एक क्रम टाकून ठेवला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो गेममध्ये तसाच राहून गेला. हाच क्रम पुढं कॉन्ट्रात ३० लाईफ द्यायचा. मामाला तो अजून तोंडपाठ आहे, मुलाचा मोबाईल नंबर मात्र नाही.

आमच्या पिढीला जी आठवण येते ती एका जागेची. क्लासमधला तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर, दुकानाचा तो ओटा. गेम आजही मिळतो. व्हाइस सिटी मोबाईलवर २०१२ मध्येच आली. पण तीही जशीच्या तशी राहिलेली नाही. रेडिओवरच्या काही गाण्यांचे परवाने संपले आणि नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांतून ती गाणी निघाली. मोटरसायकलवर बसलो, रेडिओ लागला आणि ओळखीचं गाणं आलंच नाही, की मनाला खटकतं.

तिसरी पिढी: सर्व्हर बंद, गाव बंद

आता माझा मामेभाऊ. २०२० ची दहावीची बॅच, भूगोलाचा पेपर कोरोनामुळं रद्द झाला ती. पेपर गेला आणि लॉकडाऊन लागलं. घरात रेंज नव्हती, ती यायची फक्त माळवदावर. हा आणि त्याचे तीन मित्र आपापल्या घरांच्या छतावर बसून पब्जी खेळायचे. एकमेकांना दिसायचे, पण जाता यायचं नाही. बोलायचे गेममधून.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाईल आला. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ज्या ११८ ॲपवर बंदी घातली त्यात तो होता आणि ३० ऑक्टोबर २०२० ला भारतातले सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुनं खातं तिकडं नेण्याची सोयही काही काळ होती. पण त्यासाठी जुनं लॉगिन लागायचं. भावाचं लॉगिन होतं एका मित्राच्या फेसबुकवर आणि मित्र पासवर्ड विसरला. खातं गेलं.

मी तेव्हा त्याला हसलो होतो. म्हटलं, दोन वर्षांपूर्वीच्या गेमची कसली आठवण? आता कळतं की मी चुकत होतो.

मामाची कॅसेट १९९७ मध्ये जी होती तीच आज आहे. माझी जार फाईल कार्डात पडून आहे. पण पब्जीसारखा ऑनलाईन गेम तुमच्या फोनमध्ये पूर्ण नसतोच. फोनमध्ये असतं ते चित्रं, आवाज आणि बटणं. कोण कुठं आहे, गोळी कुणाला लागली, कोण जिंकलं, हा सगळा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर होतो. तुमचा फोन म्हणजे खिडकी आणि खेळ पलीकडं. म्हणूनच या पिढीकडं चीट कोडची वही नाही, कारण लाईफ किती उरली हे तुमचा फोन ठरवतच नाही.

सर्व्हर बंद झाला की खिडकी उरते, पलीकडं काही नाही. जुनी एपीके जपून ठेवली तरी ती लॉगिनच्या पुढं जात नाही. आणि सर्व्हर चालू असला तरी प्रत्येक अपडेट जुना नकाशा, जुना आवाज, जुना वेग पुसत जातो. अपडेट केलं नाही तर गेम आत घेत नाही. म्हणजे मामाला जुनं व्हायला पंचवीस वर्षं लागली, भावाचं जुनं दर काही महिन्यांनी तयार होतं आणि त्याच वेळी नाहीसंही होतं. एकविसाव्या वर्षी त्याला आठवण येते यात नवल काय?

मग काय वाचवता येतं?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास केला. तिथं २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. मोबाईलवरही तेच. मूळ अँग्री बर्ड्स परत आणला, तोही फेब्रुवारी २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरून काढला. म्हणून जे जमतं ते आत्ताच करा.

१. इम्युलेटर समजून घ्या. इम्युलेटर म्हणजे दुभाषी. जुन्या यंत्राच्या सूचना तो तुमच्या फोनला समजतील अशा करून सांगतो. कॅसेटवाल्या गेमसाठी रेट्रोआर्च, जावा गेमसाठी जेटूएमई लोडर आहे. इम्युलेटर वापरणं गुन्हा नाही. पण गेमवर कॉपीराइट असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामलाही संरक्षण आहे. तेव्हा कुठल्याही साइटवरून गेम उतरवण्याआधी तो अधिकृतपणे मिळतो का बघा. कॉन्ट्राचा जुना संच कोनामीनं २०१९ मध्ये स्वतः परत विकायला काढलाय.

२. "जुना पब्जी परत आला" अशा एपीकेपासून लांब राहा. वर सांगितलं तसं, सर्व्हर नसेल तर जुना गेम चालू शकत नाही. अशी फाईल दुसऱ्याच कामासाठी बनवलेली असते. तुमच्या आठवणीच्या नादात ती तुमचे ओटीपी वाचेल.

३. खातं स्वतःच्या लॉगिनला जोडा. गेस्ट म्हणून किंवा मित्राच्या आयडीवर खेळू नका. आजच सेटिंगमध्ये जाऊन बघा.

४. जुनं मेमरी कार्ड, जुना फोन भंगारात देण्याआधी कॉपी करा. बंद फोन बरेचदा फक्त डिस्प्ले किंवा बॅटरीमुळं बंद असतो, आतला डेटा जिवंत असतो.

५. खेळ रेकॉर्ड करा, आणि खेळणारेही. ऑनलाईन गेमचं जे मागं उरू शकतं ते एवढंच.

त्या फुटक्या फोनमध्ये काय होतं

चौथा मुद्दा मी उगाच लिहिला नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तो फुटका फोन वसमतला दुकानात नेला. जुना डिस्प्ले लावून चालू झाला. भावाला त्यात एक स्क्रीन रेकॉर्डिंग हवं होतं, २०२० च्या उन्हाळ्यातलं. अकरा मिनिटांचं निघालं.

घरी येऊन ते टीव्हीवर लावलं. चौघांचा गेम. त्याच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू केलं की गेममधला माईक बंद पडायचा, पण स्पीकरवरून येणारं आणि आजूबाजूचं सगळं रेकॉर्ड व्हायचं. मित्रांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यातला एक आता चाकणला कंपनीत आहे, दोघांशी बोलणं नाही. मामा कंटाळून उठायला लागला. तेवढ्यात सातव्या मिनिटाला, गोळ्यांच्या आवाजामागून, खालून हाक आली. "आरं, ऊन लागंल लेकरा, खाली ये. भाकर निवाय लागली."

आजी होती ती. दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज घरात कुणाकडंच नव्हता. फोटो पुष्कळ होते, आवाज नव्हता.

मामा परत खाली बसला. म्हणाला, "मागं घे जरा." भावानं मागं घेतलं. नंतर परत एकदा.

होफरनं त्या शब्दाचा अर्थ घराची ओढ असा लावला होता, तो असा. मामाला मारिओ आठवत नाही, हळदीच्या पैशातला तो दसरा आठवतो. मला व्हाइस सिटी नाही, क्लासचा तो कोपरा आठवतो. आणि भावाला पब्जी नाही, ते माळवद. फरक एवढाच की आमच्या दोघांच्या वस्तू माळ्यावर टिकल्या. आजच्या खेळाचं तसं नाही, तुम्ही स्वतः काही राखून ठेवलं तरच उरणार.

रेकॉर्डिंगच्या आता तीन कॉपी आहेत, एक मामाच्या फोनमध्ये. व्हिडिओ गेम परत माळ्यावर गेला, पण पोत्यात नाही, पेटीत. आणि बंदुकीसाठी मामा सध्या कुणाकडं जुना डबा टीव्ही मिळतो का ते विचारत फिरतोय.